राखणदार डबा बडवतो

माझी सून सुखदा मोठ्या माणसांसमोर पायावर पाय टाकून बसते. पुण्याची आहे, म्हणून त्याबद्दल बोलणं मी सोडून दिलं. भाजीत आधी साखर घालते आणि मग विचारते, तेही सोडलं. पण गेल्या माघात तिनं माझ्या दुखणाईत जावेच्या हातात पाण्याची बिंदिगे दिली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि वर म्हणाली, "काकू, डोक्यावर ठेवा बघू." पितळेची घागर! जी बाई कूस बदलताना देवाचं नाव घेते, तिच्या डोक्यावर! हे काही मी सोडणार नव्हते.

आधी जावेचं सांगते, म्हणजे माझा राग कळेल.

तुळजाबाई माझी धाकटी जाऊ. होसकोट्याच्या पलीकडं आमचं गाव. तिथं माझे दीर व्यंकोजी द्राक्षमळा बघतात, ती तिथंच असते. मी शहरात, हेब्बाळला, मुलगा गिरीराज आणि ही सुखदा यांच्याजवळ. आम्ही इथले जुने मराठे. देवाशी मराठी बोलतो, गाईशी कन्नड, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती.

तुळजा म्हणजे चार गड्यांचं काम एकटी ओढणारी. एकदा गवताचा भारा उचलताना तिच्या कमरेत सणक भरली, ती तिथंच खाली बसली. होसकोट्याला नेऊन कमरेचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, मणका झिजलाय, गादी सरकलीय, जपा, वाकलात तर पाय जातील. एवढं बोलून त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तो विसरलाही असेल. आमच्या घरात मात्र ते वाक्य देव्हाऱ्यात बसलं.

आमच्या घराण्याची एक रीत आहे. दुखणाऱ्या माणसाचा हात कामाला लागू द्यायचा नाही. ज्या घरात आजारी बाई पीठ मळते, त्या घरातल्या बाकीच्यांना लाज नाही, असं आम्ही मानतो. मी दर पंधरवड्याला गावी जाऊन बघायची. गाईची धार तुळजाच्या सुनेकडं, भव्याकडं दिली. पाणी व्यंकोजी भरायला लागले. वाकावं लागू नये म्हणून रांगोळी काढून घेतली, मान अवघडते म्हणून फुलं ओवणंही काढून घेतलं. शेजारच्या बाया म्हणायच्या, "सोयराबाई अक्का जावेला बघा कशी फुलासारखी जपतात." ऐकून माझी मान ताठ व्हायची.

तुळजा झालीही होती फुलासारखीच. सकाळी जरा टवटवीत, दुपार कलली की मान टाकायची.

मधूनच एखादा दिवस तिला बरा जायचा. त्या दिवशी ती कुणाचं ऐकायची नाही. पहाटे उठून अंगण, गोठा, भांडी, सगळं एका दमात उरकायची, उद्या पुन्हा उठता येईल की नाही या भीतीनं. आणि मग खरंच उठता यायचं नाही. पुढचा आठवडा खाटेवर. आम्ही म्हणायचो, "बघ, सांगितलं होतं ना?"

आता मारम्माच्या जत्रेचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं होतं.

उगादीचा पाडवा झाला की आमच्या गावात मारम्माची जत्रा भरते. घराघरातून तंबिटाचा दिवा निघतो. तांदळाचं पीठ, गूळ, तूप कालवून त्या गोळ्याचा हा एवढा दिवा करायचा, पितळेच्या ताटात बसवायचा, फुलांनी मढवायचा, तुपाची वात लावायची. घरच्या सवाष्णीनं तो डोक्यावर घेऊन देवळापर्यंत जायचं. वाटेत दिवा जमिनीला टेकवायचा नाही. सगळ्यांत पुढचा दिवा आमच्या घरचा. आधी माझ्या डोक्यावर असायचा. माझे मालक गेले आणि तो मान तुळजाकडं गेला. तुळजा पडल्यापासून आमचा दिवा भावकीतली एक बाई नेते. सासूनं आपण होऊन दिल्याशिवाय सून तो घेत नाही, आणि तुळजानं भव्याला अजून दिला नव्हता. यंदा गावच्या मोठ्या मंडळींनी सांगून पाठवलं होतं, तुमच्या घरची सवाष्ण दिवा उचलणार नसेल तर पहिला मान त्या घरी कायमचा जाईल.

मला मानाचं वाईट वाटलं. तुळजा ते ऐकून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

सुखदा हेब्बाळच्या एका दवाखान्यात फिजिओ आहे. लोकांचे हातपाय हलवून घेते. रविवारी तिच्या दवाखान्याची काही माणसं खेड्यांत जाऊन दुखण्याची शाळा घेतात.

मी म्हटलं, "दुखायला काय शिकवायला लागतं?"

"अहो आई, दुखायला नाही. दुखणं समजायला."

"समजून कमी होतं?"

"कधीकधी होतं."

"आणि कधीकधी?"

"नाही होत. पण माणूस त्याला घाबरायचं थांबतो."

"मग औषध काय देता?"

"फारसं नाही. बोलतो. थोडं हलवतो."

"म्हणजे कीर्तन करता," मी म्हटलं.

ती हसली. हसते फार. माघातल्या एका रविवारी तिची शाळा आमच्याच गावात ठरली, आणि गिरीराजनं मला गाडीत घातलं, कारण सुखदेचं कन्नड म्हणजे स्वल्प आणि सरी, थोडं आणि बरं. तेवढ्यावर भाजी घेता येते, माणसाच्या कमरेबद्दल बोलता येत नाही. तिला तोंड हवं होतं. माझं तोंड कसं आहे ते सगळ्या तालुक्याला माहीत.

दूध डेअरीच्या पडवीत शाळा भरली. सकाळचं दूध घालून बाया कॅन घेऊन तिथंच बसल्या. म्हातारे भिंतीला टेकले. डेअरी आमच्या घराला लागूनच, म्हणून भव्यानं तुळजालाही हाताला धरून आणलं आणि खांबापाशी बसवलं. सुखदेनं विचारलं, "कुणाकुणाला दुखतं?" मी कन्नडात विचारलं, "नोवु यारिगे इदे?" आणि जे हात वर झाले ते बघून मी क्षणभर पुढचं विसरले. मला वाटलं होतं, आठदहा म्हातारी माणसं असतील. तिथं एक हात खाली नव्हता. तरण्या पोरींचे हात वर. ज्या बाईला मी कधी बसलेली बघितली नाही, तिचा हात वर. इतकी वर्षं मी या बायांशी पाऊस, लग्नं, सासवा, सगळं बोलले. आणि प्रत्येकीच्या अंगात एक नोवु मुकाट बसून होता.

सुखदा म्हणाली, "आई, त्यांना सांगा, पेन हा शरीराचा अलार्म आहे. तो वाजतो म्हणजे दर वेळी काहीतरी मोडलंय असं नसतं. एकदा मोठी दुखापत झाली की अलार्म नाजूक होतो, उगाच वाजायला लागतो."

"अलार्म काय सांगू?" मी म्हटलं. "इथं कुणाच्या घरी अलार्म आहे? इथं कोंबडा आहे."

 सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. समोर आमचा मळा दिसत होता, घड भरत आले होते, आणि माळ्यावर आमचा राखणदार सयाजी बसला होता, रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन. पाखरं आली की तो डबा बडवतो.

मी कन्नडात म्हटलं, "त्या सयाजीला बघा. मागच्या साली मैनांचा थवा आला आणि मळ्याचा एक कोपरा खाऊन गेला. तेव्हापासून सयाजी पान हललं तरी डबा बडवतो. ढग आला तरी बडवतो. मागच्या खेपेला मी त्याचं जेवण घेऊन गेले, तर मला बघूनही बडवला."

बाया हसल्या. सयाजीला लांबून काही ऐकू आलं नाही, पण सगळे आपल्याकडं बघतायत म्हणून त्यानं डबा बडवला. मग तर पदर तोंडात घालून हसल्या.

"डबा खरंच वाजतो," मी पुढं म्हटलं. "कान किटतात. झोप लागत नाही. सयाजी खोटारडा नाही, मळ्याच्या भल्यासाठीच बडवतो. पण डबा वाजला म्हणजे पाखरं आलीच, असं नाही. तुमच्या कमरेत असाच एक सयाजी बसलाय, असं ही म्हणते."

हसणं थांबलं. एकदम थांबलं. मी स्वतःच बोललेलं वाक्य माझ्याच कानांवर परत आलं. मी चौथी शिकलेली बाई. मला जे पटत नव्हतं तेच मी बोलले होते, आणि ते माझ्या तोंडातून खरं होऊन बाहेर पडलं होतं.

पुढं बसलेल्या एका बाईनं डोक्याला कापड घट्ट बांधलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझं दुखणं खोटं नाही?"

मी ते सुखदेला मराठीत सांगितलं.

सुखदा उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली. "खोटं नाही. मुळीच नाही. घरचे म्हणतात ना, नाटक करते?"

मी कन्नडात सांगेपर्यंत त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. कुठलंही औषध दिलं नव्हतं. तिचं दुखणं खरं आहे, एवढंच कुणीतरी चारचौघांत म्हटलं होतं. तिनं डोक्याचं कापड सोडलं, त्यानंच डोळे पुसले, आणि पुन्हा बांधलं नाही.

भिंतीपाशी एक म्हातारा होता. पाठ रात्रंदिवस ठणकते, पडून राहिलं तरी थांबत नाही, अंगाची काडी झाली, ताप येतो, असं तो म्हणाला. मी त्याला सयाजीचं सांगायला तोंड उघडलं, तर सुखदेनं माझा हात धरला.

"आई, यांना ते नका सांगू. यांच्या मळ्यात पाखरं असतील. बघायलाच हवं." आणि तिनं त्याला तिथूनच दवाखान्याच्या गाडीत बसवून पाठवलं. तेव्हा मला कळलं की ही कीर्तन करत नव्हती. डबा कुठला आणि पाखरं कुठली, ते ही आधी बघते आणि मग बोलते.

तुळजा खांबाला टेकून होती. शाळा संपेपर्यंत ती माळ्यावरच्या सयाजीकडं बघत होती.

घरी आल्यावर सुखदेनं तिला खाटेवर निजवलं. तळव्यांना कापूस लावून विचारलं, कळतं का? पाय वर उचलले. लघवीला त्रास होतो का, पाय बधिर पडतात का, सगळं विचारलं. मग तो होसकोट्याचा फोटो बघितला.

"काकू, तुमच्या वयात माझ्या आईचा फोटो काढला तरी असाच येईल. तिची कंबर दुखत नाही, ती रोज टेकडी चढते. केस पिकतात तसे मणकेही पिकतात. वाकल्यानं तुमचे पाय जाणार नाहीत."

"डॉक्टर म्हणाला होता," मी म्हटलं.

"भीती घालायला एक वाक्य पुरतं, आई. काढायला वेळ लागतो." मग ती तुळजाकडं वळली. "काकू, तुम्हाला काय करायचंय?"

तुळजाला कळलंच नाही. आजवर जो तो विचारायचा, कुठं दुखतं, किती दुखतं, काय हवं, काय आणू. काय करायचंय, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती सुखदेकडं बघत राहिली. 

"दिवा," ती म्हणाली. "दिवा उचलायचाय."

 व्यंकोजी दारात उभे होते, ते तसेच अंगणात निघून गेले. मला वाटत होतं, मानाची काळजी मला एकटीला आहे. ही भिंतीकडं तोंड करून रोज तोच दिवा बघत होती.

आणि तेव्हाच सुखदेनं ती बिंदिगे आणली.

मी तांडव केलं. मी म्हटलं, "तुझ्या आईच्या डोक्यावर ठेव! उद्या हिचे पाय गेले तर तू पुण्याला जाशील, हिला उचलणारे आम्ही!" सुखदेनं बिंदिगे वाकडी करून दाखवली. तळाला ओंजळभर पाणी होतं. तुळजानं चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर घागर. खाटेपासून तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. डोळे मोठे झाले होते. मी तिच्या पायांकडं बघत होते. पाय होते.

"पुरे," सुखदा म्हणाली.

"अजून एक फेरी करते की. बरं वाटतंय."

"बरं वाटतंय म्हणूनच पुरे. काकू, बरं वाटलं तरी ठरलं तेवढंच. दुखलं तरी ठरलेल्यातलं थोडं. सयाजीला हळूहळू कळू दे की पाखरं येत नाहीत."

अशी ती रीत निघाली. पाणी थोडं थोडं वाढवायचं, वाट थोडी थोडी. आणि घरच्यांनी तिची कामं परत द्यायची, आधी फुलं, मग रांगोळी. मी पाणी ओतणाऱ्या भव्यावर नजर ठेवायची आणि सुखदेला घालूनपाडून बोलायची. ती ऐकून घ्यायची, आणि रविवारी पुन्हा यायची.

उगादीच्या जरा आधी, मी गावी असतानाच, मळ्यात द्राक्षं तोडायला माणसं आली. त्या दिवशी तुळजाला खूप बरं वाटत होतं. ती चुलीपाशी बसली आणि सगळ्या माणसांचे नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजत्या पिठाचे गोळे, तिनं एकटीनं घोटले. भव्या नको म्हणत होती. मुद्दे घोटणं म्हणजे काय, ते ज्यानं घोटले त्यालाच ठाऊक, आख्खी कंबर काठीला लागते. दुपारी ती तिथंच आडवी झाली.

मी लगेच फोन करून सुखदेला बोलावून घेतलं आणि भर अंगणात सुनावलं. "झालं समाधान? आता तुझी शाळा बंद. या घराच्या पायरीला पाय लावायचा नाही."

 तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "चालायला शिकवलं, आई. थांबायला शिकवण्यात मी कमी पडले." आणि पर्स उचलली.

आतून हाक आली. "अक्का!"

तुळजाचा आवाज. मी आत गेले. ती कुशीवर होती, घाम आला होता.

"तिला घालवू नको. थांबले नाही मी. चूक माझी."

"तू गप्प पड. दुखतंय ना?"

"खूप दुखतंय." तिनं दात आवळले. "डबा वाजतोय, अक्का. नुसता बडवतोय. पण पाखरं नाहीत."

आणि माझ्यासमोर तिनं गुडघे पोटाशी घेतले, सोडले, पुन्हा घेतले. मग कोपरावर जोर देऊन उठली. त्याच संध्याकाळी ती तुळशीपर्यंत गेली, भिंत धरून, हातात काही न घेता. पूर्वी असं झालं की आठवडा जायचा. मी दाराला टेकून बघत होते. आमच्या घरात मी बाळंतपणं बघितली, मरणं बघितली, पण आपल्याच दुखण्याशी असं शहाणपणानं बोलणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. सुखदा पायरीवर उभी होती. मी तिला आत ये म्हटलं नाही. पण भव्याला सांगितलं, चहा आम्हा दोघींचा टाक.

जत्रेच्या मंगळवारी ऊन उतरल्यावर हलगीसारखे तमटे वाजायला लागले. तंबिटाचा दिवा तुळजानं स्वतः केला होता, टप्प्याटप्प्यानं, मधे उठून चालून. नऊवारी नेसली, चुंबळ ठेवली. व्यंकोजी आणि भव्या दोघांनी मिळून ताट तिच्या डोक्यावर चढवलं. वात पेटली. मला वाटलं, घर पुन्हा उभं राहिलं.

सुखदेनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. "आई, त्यांची तयारी अश्वत्थाच्या कट्ट्यापर्यंत झालीय. तिथून देवळाकडं जाणारा बांध लांब आहे. मला अजून महिनाभर हवा होता." जत्रा कुणासाठी महिनाभर थांबते?

तुळजा सगळ्यांच्या पुढं निघाली. मागं एकामागं एक दिवे, डोक्याडोक्यांवर, नुसता उजेड हलत चाललेला. मी बाजूनं चालत होते, सुखदा माझ्यामागं, अनवाणी. कट्टा आला. तुळजा थांबली.

तमट्यावाल्यांनी दोन ठोके जास्त दिले आणि तेही थांबले. मागचे दिवे थांबले. तुळजाच्या पोटऱ्या थरथरत होत्या, लुगड्याचा काठ हलताना मला दिसत होता. तिची मान मात्र हलत नव्हती.

"थांबायचं नाही," देवळाचा पुजारप्पा म्हणाला. "दिवा टेकवला तर मान गेला, अम्मा."

भावकीतली ती बाई मागून दोन पावलं पुढं सरकली. तुळजानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत भीती नव्हती. हिशेबानं बघत होती, आता काय करायचं असं. सुखदेनं शिकवलेलं तसंच. आता थांबायचं, हे तिला कळलं होतं. थांबायला जागा नव्हती एवढंच.

मी पुढं झाले. "टेकवतंय कोण? डोक्यावरून डोक्यावर जाईल. माझ्या वेळी गिरीराज पोटात होता, तेव्हा माझ्या सासूबाईंनी ह्याच कट्ट्यापाशी माझ्या डोक्यावरून दिवा घेतला होता, आणि बांध संपल्यावर परत दिला. घरच्याच सवाष्णीकडं गेला तर दिवा घरचाच राहतो."

"मी नाही बघितलं असं कधी," पुजारप्पा म्हणाला.

"तू तेव्हा लंगोटीत नाक पुसत होतास. तुझ्या आज्जीला विचार."

त्याची आज्जी कधीच गेली होती. तिथं जमलेल्यांत माझ्याहून थोरली बाई नव्हती. पुजारप्पा बाजूला सरकला. असं काही झालं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझ्या सासूबाईंनी माझ्या डोक्यावरचं ओझं कधी उतरवून घेतलं असतं, तर मी अशी झालेच नसते.

"सुखदा," मी म्हटलं. "ये. मान ताठ धर, नजर समोर."

तिनं आयुष्यात डोक्यावर काही घेतलेलं नव्हतं. ताट चढवलं तेव्हा दोन्ही हातांनी घट्ट धरलं, ओठ आवळले, आणि निघाली. आणि तुळजानं काय केलं? ती बसली नाही, आडवी झाली नाही. कट्ट्याच्या दगडावर दोन्ही हात ठेवून ती वाकली. सगळ्या गावासमोर कमरेतून वाकली. होसकोट्याच्या त्या डॉक्टरनं पाय जातील म्हटलं होतं, ते वाकणं. दोनतीन लांब श्वास घेतले, पाठ हलवली, सरळ झाली आणि दिव्याबरोबर मोकळ्या हातांनी चालायला लागली. मी बघत राहिले. पिंपळाच्या पानांचा आवाज येत होता, तमटे पुन्हा सुरू झाले होते, आणि मला वाटलं, मारम्मा देवळात असेल तर असेल, आत्ता ती या वाटेवर आहे.

बांध संपला. तुळजानं स्वतः चुंबळ नीट केली. "आण," ती सुखदेला म्हणाली. दिवा तिच्या डोक्यावर परत गेला. ती देवळाच्या पायऱ्या एकेक करून चढली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवून, आणि आमचा दिवा पहिला आत गेला. पुजारप्पानं आरती तिच्यासमोर आधी धरली. व्यंकोजी गर्दीत उभे राहून शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते. मी दुसरीकडं बघितलं.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. तुळजा गरम पाण्यानं अंघोळ करून आली आणि पुढच्या कट्ट्यावर बसली. मांडीवर मोगरा घेऊन ओवायला लागली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नोवु इदे, अक्का," ती म्हणाली. दुखतंय. फुलाच्या देठाला दोऱ्याची गाठ मारली. "इरली." असू दे.

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सुखदा बसली होती, मान चोळत, केसांत तंबिटाचं तूप, पायावर पाय टाकून. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिला वाटलं, आता काहीतरी निघणार. निघालंच.

"सुखदा, ऐक," मी म्हटलं. "तुळजीचं दुखणं तू काढलं नाहीस. ते तिथंच आहे. पण इतकी वर्षं ते पुढं आणि ती मागं होती, आज ती पुढं चालली आणि ते मागून आलं. तू खरं शिकवतेस. आता पाय खाली घे."